परवडणारी फजिती

आमच्या शाळेच्या कपाटात प्रवासवर्णनांचा एक खण आहे. त्या खणातल्या पुस्तकांची एक गंमत फार दिवसांपूर्वी माझ्या लक्षात आली. पुस्तक कोणाचेही असो, त्यातली ठरावीक पानेच मळलेली असतात. जिथे लेखक एखाद्या चर्चच्या खांबांची उंची सांगतो किंवा संग्रहालयातली दालने मोजतो, ती पाने कोरी करकरीत राहतात. जिथे त्याची पेटी हरवते, गाडी चुकते, भलत्याच घराची घंटा वाजवली जाते, तिथे मात्र पानांच्या कडा मुलांच्या हातांनी काळ्या पडलेल्या दिसतात. मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. प्रवासवर्णनाचा जीव कुठे आहे, हे त्यांना बोटांनी कळते.

याचे कारण काही गूढ नाही. जो माणूस आपल्याला कधी न दिसणाऱ्या देशात गेला, तो आपल्यापेक्षा एक पायरी वर चढलेला असतो. त्याची फजिती झाली की तो खाली उतरून आपल्या शेजारी येऊन बसतो. सातासमुद्रापलीकडचा तो साहेब आणि परभणीच्या स्थानकावर पिशवी विसरणारा आपला मामा, दोघे एका रांगेत येतात. वाचकाला हायसे वाटते.

मी स्वतः समुद्र ओलांडलेला नाही. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे पोखर्णी हे माझे जग. इथले नृसिंहाचे हेमाडपंती देऊळ जुने. कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती येते तेव्हा दूरदूरची माणसे इथे लोटतात. म्हणजे आमच्याकडे जग येते, आम्ही जगाकडे जात नाही. तेव्हा लंडन-पॅरिसच्या वर्णनात खरे किती आणि कल्पनेचे किती, हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. पण फजितीविषयी बोलायला पारपत्र लागत नाही. त्या बळावर मी गेल्या वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, शाळेत ‘मराठी प्रवासवर्णनांतल्या फजित्या’ या विषयावर तासभर बोललो. मुले पोट धरून हसली. मीही स्वतःवर खूष होतो.

व्याख्यान संपले तेव्हा मागच्या खांबाला टेकून उभा असलेला एक तरुण पुढे आला. माझाच जुना विद्यार्थी. आखातात नोकरीला असतो, सुटीवर गावी आला होता. नमस्कार करून म्हणाला, “सर, तुमच्या पुस्तकातल्या लोकांची फजिती लई गोड असती हो. आमची आसली गोड का नसती?”

मी हसून म्हणालो, “मग तूही लिही की.”

“लिहून कसं चालंल, सर?” तो म्हणाला. “घरी वाचतील की.”

त्याच्या या एवढ्याशा बोलण्याने माझे तासाभराचे व्याख्यान ढासळले. मी मुलांना सांगितले होते की प्रवासवर्णनकाराने आपली फजिती मोकळेपणाने सांगावी. जो सांगतो तो मोठा, जो लपवतो तो लहान. आपली फजिती चारचौघांत सांगता येणे हीच एक प्रकारची श्रीमंती आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. ज्याचे परतीचे तिकीट खिशात आहे, घरी ज्याची वाट पाहणारे सावकार नाहीत, त्याला आपली फजिती परवडते. तो ती सांगतो आणि आपण हसतो. ज्याला ती परवडत नाही तो गप्प बसतो. असे असेल तर आपल्या प्रवासवर्णनांच्या खणात जगाचा प्रवास केलेल्या मराठी माणसांपैकी किती जण आहेत आणि किती जण खणाबाहेरच राहिले आहेत, याचा हिशेब कधीतरी करायला हवा. या लेखात तो करून पाहण्याचा विचार आहे.

आरंभ आमच्या मुलखापासूनच करतो. नामदेवांचे नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ साली हिंगोली वेगळा होईपर्यंत ते आमच्या परभणीचेच होते. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांच्या नावावर परंपरेने चालत आलेल्या तीर्थावळीत ज्ञानदेवांबरोबरच्या तीर्थयात्रेची कथा आहे, आणि त्या कथेतला सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग कोणता? तर वाळवंटातल्या तहानेचा. विहीर खोल, दोर नाही, घसा कोरडा. ज्ञानदेव योगसामर्थ्याने खाली उतरून पाणी पिऊन येतात. नामदेवांजवळ तसली विद्या नाही. ते विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर भरून वाहू लागते. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्यात दिसते ती प्रवाशाची असहायता, आणि ती असहायता न लपवता सांगणारी वाणी. मराठी प्रवासकथेचा उगमच मुळी तहानेत आणि हाकेत आहे.

त्यानंतरची मोठी कथा म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. कुलाब्याच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक. घरात कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता कानावर आली आणि १८५७ साली तो आपल्या काकांबरोबर उत्तरेला निघाला. वाटेतच बंडाची बातमी लागली. परत फिरावे तर कर्ज तसेच, पुढे जावे तर आग. ते पुढे गेले. झाशीत राणीच्या आश्रयाला राहिले आणि १८५८ च्या इंग्रजांच्या वेढ्यात सापडले. शहर पडल्यानंतरची लूट भटजींनी डोळ्यांनी पाहिली. एकामागून एक टोळ्या येतात. सोन्यानाण्यावर हात मारून झाला की भांडीकुंडी, मग कपडेलत्ते, मग धान्य. दाराशी मृत्यू उभा असताना घरात दडून बसलेल्या माणसाचे हे निवेदन आहे. मिळवलेली दक्षिणा गेली, पुन्हा मिळवली, पुन्हा गेली. शेवटी घरी पोचली ती गंगेच्या पाण्याची कावड. तिने भटजींनी आईवडिलांना स्नान घातले.

या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल कशात आहे? पुष्कळ टीकाकार म्हणतात, त्यातल्या इतिहासात. मला तसे वाटत नाही. इतिहासाच्या दृष्टीने त्यात चुका आहेत, ऐकीव गोष्टी आहेत. त्याचे मोल आहे ते भटजींच्या हिशेबीपणात. हा माणूस घरून निघाला तो पैशासाठी, हे तो एकदाही लपवत नाही. आपण भ्यालो, लपलो, लुटले गेलो, हे सांगताना तो वाचकाकडे डोळा मिचकावून ‘पाहा माझी कशी गंमत झाली’ असे म्हणत नाही. त्याच्या फजितीला गंमत म्हणण्याची चैन त्याच्याजवळ नव्हती. आणि म्हणूनच त्याच्या फजितीत दुसरी माणसे दिसतात. काळपीच्या वाटेवरचा तो विहिरीचा प्रसंग आठवा. पराभूत, धुळीने माखलेली राणी तहानेने व्याकूळ होऊन विहिरीवर येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांना तसदी देत नाही, मडके आपल्या हाताने विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. लाखो माणसांच्या मनात ठसलेली घोड्यावरची राणी वेगळी, आणि ही मडक्यातून पाणी पिणारी बाई वेगळी. ती दिसायला भटजींना त्या विहिरीवर स्वतः निराधार होऊन बसावे लागले. सुखाने प्रवास करणाऱ्याला ती दिसली नसती.

हे सर्व भटजींनी लगेच लिहिले नाही. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी ते कागदावर उतरवले, आणि वैद्यांनी ते आपल्या संस्कारांनिशी प्रसिद्ध केले १९०७ साली. मूळ बाडाप्रमाणे छापलेली दत्तो वामन पोतदारांची प्रत वाचकांच्या हाती आली ती १९६६ साली. एका गरिबाची फजिती जगापुढे यायला किती वर्षे लागतात, पाहा! आणि त्यासाठी बाहेरून कोणीतरी ‘लिहा’ म्हणणारा लागतो.

आता समुद्र ओलांडू. या वाटेवर सुरुवातीला आपल्याला भेटतात त्या बायका, ही मला मोठी विलक्षण गोष्ट वाटते. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या त्या नवऱ्याच्या सोबतीशिवाय. तिकडे त्यांची वाट पाहत होत्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. ही ओळख कशी झाली? एका मिशनरी मासिकात छापलेले गोपाळरावांचे पत्र कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले, एवढेच निमित्त. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी मुलीला त्यांनी घरात घेतले, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८६ साली डॉक्टरकीची पदवी मिळाली. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात आनंदीबाई गेल्या, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. लिहायला आयुष्य उरले नाही. पण त्यांच्या पत्रांवरून कळते की परदेशातली थंडी, अन्न आणि आजार यांच्याशी झुंजताना एका परक्या बाईच्या मायेचा आधार किती होता.

त्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई गेल्या होत्या. पुढे १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक निघाले. या नावातला शब्दांचा क्रम मी मुलांना नेहमी फळ्यावर लिहून दाखवतो. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. त्या लोकांचे काय चालले आहे हे पहिले. माझे काय झाले ते नंतर. रमाबाईंसारख्या बाईजवळ सांगण्यासारख्या हालअपेष्टा थोड्या नव्हत्या. लहानपणी आईवडिलांबरोबर त्यांनी हिंदुस्थानभर पायी प्रवास केला, दुष्काळात आईवडील गमावले. विधवा होऊन लहान मुलीला घेऊन त्या विलायतेला गेल्या. पण अमेरिकेवरच्या पुस्तकात त्यांनी स्वतःला मागे ठेवले आणि तिथल्या स्त्रियांची संघटना, शिक्षण, चालीरीती यांना पुढे आणले. आणि जिथे त्या देशाने काळ्या माणसांशी किंवा मूळच्या रहिवाशांशी अन्याय केला, तिथे स्पष्ट बोलायला त्या कचरल्या नाहीत. यजमानाच्या घरचे मीठ खाल्ले म्हणून त्याच्या घरातले वाईट झाकून ठेवायचे नाही, आणि चांगले पाहताना मत्सर करायचा नाही, हा समतोल पुढच्या शंभर वर्षांत आपल्या फार थोड्या प्रवाशांना साधला.

तिसरे नाव पार्वतीबाई आठवल्यांचे. ते आज कमी घेतले जाते. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणारी ही विधवा बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर अमेरिकेला गेली. इंग्रजी बेताचे, पैसा त्याहून बेताचा. तिथे तिने लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले. परत आल्यावर ‘माझी कहाणी’ या १९२८ सालच्या आत्मचरित्रात तिने ते सांगितले. विचार करा, त्या काळच्या कोकणस्थ घरातली बाई, परदेशात दुसऱ्याची भांडी घासते आणि मायदेशी येऊन ते छापून सांगते! विद्यार्थ्याच्या ‘घरी वाचतील की’ या भीतीला पार्वतीबाईंनी केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे. ही फजिती तिला परवडणारी नव्हती. तरी तिने ती सांगितली. मराठी प्रवासवाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक आत्मचरित्राच्या खणातून काढून इकडेही ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

यानंतर ललित प्रवासवर्णनाचे युग येते. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले आणि प्रवासवर्णन भूगोलाच्या तावडीतून सुटले. लेखक आपल्या आवडीनिवडींसह, थट्टामस्करीसह पानावर वावरू लागला. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ आले. आणि १९६० साली पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने तर घराघरात धमाल उडवून दिली. विलायतेला जाण्याआधीची धांदल, ओळखीच्या-अनोळखीच्यांचे सल्ले, नव्या कपड्यांत अवघडलेला देह, छुरीकाट्यांशी झालेली झटापट हे सारे आता आपल्या बोलण्याचालण्याचा भाग झाले आहे.

‘अपूर्वाई’वर टीका करणे म्हणजे मराठी माणसाच्या दिवाळीच्या फराळात खडा टाकणे, हे मला ठाऊक आहे. माझा तसा विचारही नाही. पु. लं.ची फजिती परवडणारी होती हे खरे. बीबीसीकडे शिक्षणासाठी गेलेला, घरी आणि दारी मान असलेला तो माणूस. पण त्यांनी ती फजिती नुसती स्वतःसाठी खर्च केली नाही. दीडशे वर्षे साहेबाच्या नावाने आपल्या छातीत जी धडधड होत होती, तिच्यावर ते हसले. काट्याने मटार पळतो तेव्हा हसू येते ते मटारावर नव्हे. मटार पळाला म्हणून आपली सारी संस्कृती लाजिरवाणी ठरली असे मानणाऱ्या आपल्या मनावर. शिवाय पु. लं.चा कान पक्का. माणूस भेटला की ते त्याचा आवाज टिपतात. ‘पूर्वरंग’मध्ये आग्नेय आशियात गेल्यावर तर ते साहेबाला विसरून तिथल्या माणसांच्या नाचात, गाण्यात रमून जातात.

तक्रार आहे ती त्यांच्या मागून आलेल्यांविषयी. त्यांनी पु. लं.चा कान घेतला नाही, काटा-चमचा तेवढा उचलला. स्नानगृहातला नळ उलटा फिरला, शाकाहारी म्हणून मागवले त्यात मासा निघाला, सहप्रवासी वहिनींचे लोणचे विमानतळावर अडवले, अशा प्रसंगांचा एक साचाच पडला. १९६० साली विलायत खरोखर अपूर्व होती. आज प्रत्येक तालुक्यातल्या चार-दोन घरांतले मूल परदेशी आहे. व्हिडिओवर आजी नातवाचे दात मोजते. अपूर्वाई संपली, पण अपूर्वाईचा आव संपला नाही. आठ दिवसांत पाच देश पाहणारी सहल निघते, तिचा मार्गदर्शक पुढे झेंडी घेऊन चालतो, जेवायला पुरणपोळी मिळते, आणि परतल्यावर पुस्तक निघते. या पुस्तकात त्या देशाचा एकही माणूस भेटत नाही. भेटलाच तर वाढपी किंवा बसचालक म्हणून, आणि त्याचे नाव लेखकाला ठाऊक नसते. फजिती मात्र प्रत्येक प्रकरणात असते. तीत कोणाचे काही जात नाही, आणि कोणाला कोणाचे काही देणे लागत नाही.

सगळेच असे नाहीत. मीना प्रभूंनी ‘दक्षिणरंग’, ‘मेक्सिकोपर्व’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ अशी पुस्तके लिहिली. सहलीच्या बसमध्ये न बसता, पुष्कळदा एकटीने, भाषा येत नसलेल्या देशांत फिरून त्यांनी ती लिहिली; त्यांच्या अडचणीत कोणीतरी दार उघडते आणि वाचकाला ते घर दिसते. आमच्या परभणी जिल्ह्यातलाच पत्रकार विष्णुदास चापके २०१६ साली निघून मुख्यतः जमिनीवरून तीसहून अधिक देश ओलांडत २०१९ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. त्या मार्गाने जाणाऱ्याला वाटेतल्या माणसांवाचून एक दिवसही निभावता येत नाही.

पण माझ्या दृष्टीने या बाजूचे सर्वांत मोठे उदाहरण अण्णाभाऊ साठ्यांचे. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचे लहानसे पुस्तक. १९६१ साली ते रशियाला गेले. आकाराने ते पुस्तक ‘अपूर्वाई’च्या पासंगालाही पुरणार नाही, रचनाही विस्कळीत आहे, आणि रशियात जे दाखवले गेले ते त्यांनी फार विश्वासाने पाहिले, असेही आज म्हणावे लागते. तरी ते वाचताना एक गोष्ट सतत मनात राहते. हा माणूस लहानपणी वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी चालत आलेला आहे. पोटासाठी केलेला तो प्रवास आधी, आणि पाहुणा म्हणून केलेला हा नंतर. म्हणून मॉस्कोच्या रुंद रस्त्यावर त्याची नजर प्रथम झाडणाऱ्याकडे, राबणाऱ्याकडे जाते. तो नीट जेवतो का, हे त्याला पाहायचे असते. अण्णाभाऊंनी वाटेगाव ते मुंबई हा प्रवास सविस्तर प्रवासवर्णन म्हणून लिहिला असता, तर तो ‘माझा प्रवास’च्या शेजारी बसला असता, असे मला राहून राहून वाटते.

इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या पदरात माप घातले. आता स्वतःचे सांगतो, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल.

कादंबरीचे पहिले हस्तलिखित घेऊन मी मुंबईला गेलो होतो. प्रकाशक भेटले नाहीत. परतताना कल्याणच्या फलाटावर पाकीट मारले गेले. तिकीट त्यातच. ओळखीचे कोणी नाही, आणि फोन करून घरी सांगावे तर नोकरीची रजा बुडवून, उसने पैसे घेऊन गेलेला मी. रात्री एक म्हातारा हमाल शेजारी येऊन बसला. त्याने विचारले, मी सांगितले. त्याने डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि सकाळी तिकिटाचे पैसे दिले. मी पत्ता मागितला तर म्हणाला, “पत्ता कसला, इथंच असतो मी.” सहा महिन्यांनी मी पैसे घेऊन गेलो तेव्हा तो तिथे नव्हता.

ही हकिकत मी घरी आजवर सांगितलेली नाही. पण माझ्या दुसऱ्या कादंबरीत ती आहे. तीत एका वेंधळ्या मास्तराचे पाकीट मारले जाते आणि तो तिकीट तपासनिसाला चुकवत शौचालयात लपून परभणी गाठतो. वाचक त्या प्रकरणावर फार हसले. काहींनी पत्रे पाठवली. हमाल मी गाळला. तो आला की प्रसंग जड होत होता, हसू थांबत होते. म्हणजे माझी न परवडणारी फजिती मी परवडणारी करून विकली, आणि तसे करताना ज्याचे देणे लागत होतो त्यालाच पुस्तकाबाहेर काढले. सहलीच्या प्रवासवर्णनकारांना मी जो दोष देतो, तो मी समुद्र न ओलांडताच केलेला आहे.

यावरून मी एक साधी कसोटी मनाशी धरली आहे. प्रवासवर्णनात फजिती आली की पाहावे: यातून लेखकाला सोडवले कोणी? आणि त्या सोडवणाऱ्याला पुस्तकात किती जागा मिळाली? गोडसे भटजी, पार्वतीबाई या कसोटीला उतरतात. पु. ल. पुष्कळ वेळा उतरतात. खणातली बरीच पुस्तके उतरत नाहीत. त्यांत लेखक आपला आपण पडतो, आपला आपण उठतो आणि टाळ्या घेतो.

चार दिवसांनी तो विद्यार्थी परत निघाला. मी त्याला पोचवायला पोखर्णीच्या स्थानकावर गेलो. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो आणि त्याने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. दोन एकर गहाण ठेवून तो गेला होता. कबूल केले होते मालमोटार चालवण्याचे काम. पोचल्यावर एजंटच्या माणसाने पारपत्र काढून घेतले आणि हातात झाडू दिला. तीन महिने पगार नाही. एका खोलीत अकरा जण. आईला फोनवर सांगायचा, मोटार चालवतो, गार हवा असते. त्या खोलीत पेशावरकडचा एक आचारी होता. तो रोज रात्री दोन रोट्या त्याच्या उशाशी ठेवायचा आणि तोंड फिरवून झोपायचा. “देताना बगत नव्हता, सर. आपल्याला लाज वाटू नाही म्हणून.” पुढे काम बदलले, पगार सुरू झाला, जमीन सुटली. तो आचारी आपल्या देशी गेला. आता गाठ पडणे नाही.

मल्याळममध्ये बेन्यामिन यांनी अशाच एका माणसाच्या खऱ्या हालांवरून ‘आडुजीवितम्’ ही कादंबरी २००८ साली लिहिली. केरळात ती घरोघर वाचली गेली, २०२४ साली तिच्यावर चित्रपटही आला. तिथल्या घरांनी आपल्या मुलांची फजिती वाचली आणि मान खाली घातली नाही. मराठीत तसे पुस्तक माझ्या वाचनात नाही. मी त्याला पुन्हा ‘लिही’ म्हणालो नाही. एवढेच विचारले, “मी लिहिले तर चालेल का? नावगाव न घालता?”

तो जरा वेळ रुळांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “लिव्हा. पण रोटीवाल्याला गाळू नका.”

माझ्या कादंबरीतला हमाल त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तरी मला ओशाळल्यासारखे झाले. गाडी आली, तो चढला, मी घरी आलो आणि हा लेख लिहायला बसलो.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा फराळाची ताटे मांडलेली असतील. परदेशातून, पुण्या-मुंबईहून, ऊसतोडीच्या आधी दोन दिवस मिळाले म्हणून, घरोघरची माणसे परतलेली असतील. आपण त्यांना विचारतो, काय आणलेस? या खेपेला त्यांच्यातल्या एखाद्याला जरा बाजूला घेऊन विचारून पाहा, कुठे अडला होतास? आणि कोणी हात दिला? तो लगेच बोलणार नाही. गोडसे भटजींना पंचवीस वर्षे लागली. पण विचारणारे वैद्य घरात आहेत एवढे त्याला कळले, तरी पुष्कळ झाले.